जाकिटातला कापूस

रुक्मिणबाईच्या हातांना एक खोड होती. दुसऱ्याच्या हातात ओझं दिसलं की ते आपोआप पुढं जायचे. अहमदपूरच्या एसटी स्टँडवर कुणी अनोळखी बाई पिशवी सावरत चालली असेल, तर हिनं ती पिशवी काढून घेतलीच म्हणून समजा. एकदा एका बाईनं 'चोर, चोर' म्हणून स्टँड डोक्यावर घेतला होता. शेवटी ओळखीच्या कंडक्टरनं मध्ये पडून सांगितलं की बाई चोर नाही, फक्त तिला राहवत नाही. गिरणीवर कुणाचा दळणाचा डबा असो की हापशावर कुणाची घागर, हिच्या डोळ्यांनी बघितली की हिच्या कमरेवर आलीच. वर म्हणायची, माझ्यासमोर कुणी कष्ट केले की माझ्या पोटात कालवतं. आता पोटात कालवायला लागल्यावर काय बोलणार?

या मायेचं फळ बघायचं असेल तर तिच्या नवऱ्याकडं बघावं. ग्यानोबानं लग्न झाल्यापासून माठातलं पाणी स्वतःच्या हातानं घेतलं नव्हतं. माठ घरात कुठल्या बाजूला असतो हे त्याला माहीत होतं, पण अंदाजानं. चप्पल पायाशी यायची, टॉवेल खांद्यावर यायचा, बाजेवरून उठायचं असलं की बायकोचा हात काखेत यायचा. सुपारी तेवढी तो आपली आपण कातरायचा. घरातलं त्याचं काम म्हणाल तर तेवढंच, आणि ते केलं की तो दमून आडवा व्हायचा. माणूस धडधाकट होता बरं का. त्याच्या वयाचे गडी अजून औत धरत होते.

पण तिचा खरा जीव होता नातीवर. मुलगा भारत आणि सून राजकन्या यांची एकुलती एक लेक, ऋतुजा. दिवस भरायच्या आधीच जन्मली, आणि पुढं डॉक्टरांनी सांगितलं, सेरेब्रल पाल्सी. म्हणजे डोकं एकदम तल्लख, जीभ तर त्याहून तल्लख, पण मेंदूचा निरोप पायांपर्यंत नीट पोचत नाही. पाय ताठ, टाचा जमिनीला टेकत नाहीत, गुडघे एकमेकांना घासतात. भिंत धरून घरात फिरायची. अंगणाच्या बाहेर मात्र आज्जीची कंबर. पोरगी पाचवीत गेली, लांबोडकी झाली, पाय आज्जीच्या पोटऱ्यांना लागायला लागले, तरी रुक्मिणबाई तिला कडेवरून खाली ठेवायला तयार नव्हती.

मग आली येळवस. लातूरकडच्या माणसाला हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगतो. येळवस म्हणजे वेळा अमावस्या. ऐन थंडीत येते. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही, सगळं गाव रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि ताकातली आंबील खायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून आणून जेवायला बसवायचं. त्या येळवसीला ऋतुजा आज्जीच्या कडेवर बसून रानात गेली, आणि शेजारच्या रानातल्या तिच्याच वर्गातल्या पोरी 'बाळ आलं, बाळ आलं' म्हणून टाळ्या पिटायला लागल्या. ऋतुजानं भज्जी खाल्ली नाही, खीर खाल्ली नाही. घरी आल्यावर बापाला एवढंच म्हणाली, "पप्पा, पुढच्या येळवसीला मी गाडीवाटंपासून कोपीपर्यंत चालत जाणार. मला कुणी उचलायचं न्हाई." भारत रात्रभर तळमळला आणि त्या उन्हाळ्यात तिला आणि सगळ्या घराला नांदेडला घेऊन गेला.

नांदेडला उज्वलाताई म्हणून फिजिओथेरपिस्ट होत्या. बोलायला गोड, पण काम करून घ्यायला एकदम कडक. त्यांनी ऋतुजाला तपासलं, उठवलं, बसवलं, चालवून बघितलं आणि घरच्यांना समजावून सांगितलं. पाय नुसते ताठ नाहीत, कमजोरसुद्धा आहेत, आणि स्नायूला काम दिल्याशिवाय जोर येत नाही. व्यायामानं आजार जाणार नाही, चालही सगळी सरळ होणार नाही. पण पायात ताकद आली तर ती जास्त चालेल, कमी दमेल, कमी वेळा पडेल. अट एकच, ओझं खरं पाहिजे आणि झेपेल तसं वाढवत नेलं पाहिजे.

त्यासाठी जाकीट. पुढं-मागं खिसेच खिसे असलेलं, शिंप्याकडून शिवून घेतलेलं. खिशांत वाळूच्या छोट्या पुरचुंड्या घालायच्या, जाकीट अंगात घालायचं आणि स्टुलावरून उठायचं, बसायचं, पायरी चढायची, उतरायची. एक दिवस व्यायाम, एक दिवस आराम. जमायला लागलं की एक पुरचुंडी वाढवायची. हे सगळं चालू असताना रुक्मिणबाई बाकड्यावरून ग्यानोबाला हाताला धरून उठवत होती. उज्वलाताईंनी ते बघितलं आणि हळूच विचारलं, बाबांना काय त्रास आहे? भारतची मान खाली गेली. त्रास काहीच नव्हता.

घरी व्यायाम सुरू झाला आणि रुक्मिणबाईचा जीव वरखाली व्हायला लागला. ऋतुजा स्टुलावरून उठायची तेव्हा दात-ओठ आवळायची, कपाळावर घाम यायचा, मांड्या थरथरायच्या. पुढं आज्जी उभी. पोरीचं बूड स्टुलावरून उचललं की आज्जीचे हात पुढं. राजकन्या चुलीपासून ओरडायची की आत्याबाई, हात लावू नका, ताईंनी सांगितलंय. हात मागं जायचे आणि परत पुढं यायचे. देवानं आधीच लेकराचे पाय आखडले, वर आपण वाळूची पोती बांधायची, ही कुठली रीत? पोलीस तरी चोराला एवढं राबवत नसतील. तिनं भारतला विचारलं, राजकन्येला विचारलं, दोघांनी एकच सांगितलं, ताई म्हणतात तसं करायचं. ठीक आहे, म्हणाली रुक्मिणबाई. आणि मग तिनं जे केलं ते तिच्यासारखीलाच सुचू शकतं.

दुपारी राजकन्या अंगणवाडीत आणि भारत बियाण्याच्या दुकानात कामाला गेल्यावर तिनं दार लोटलं, जाकिटातल्या पुरचुंड्या एकेक करून उसवल्या, वाळू तुळशीत ओतली आणि त्यांत कापूस भरून परत टाके घातले. टाके इतके बारीक की शिंप्यानं हात जोडावेत. कापूस कुठला? ग्यानोबाच्या गादीतला. पुरचुंड्या टम्म दिसायच्या, जाकीट भरलेलं दिसायचं. त्या दिवसापासून तिनं फर्मान काढलं की जाकिटाला माझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, घालायचं-काढायचं सगळं मी बघीन. राजकन्येला बरंच वाटलं. सासूनं अखेर मनावर घेतलं म्हणायचं.

मग काय, दर खेपेला उज्वलाताई ओझं वाढवायच्या आणि ग्यानोबाची गादी पातळ व्हायची. पाठीला बाजेच्या दोऱ्या रुतायला लागल्या तेव्हा तो कुरकुरला की गादीत काही राहिलं नाही. रुक्मिणबाई म्हणाली, वय झालं की माणसाला असंच वाटतं. त्याला ते पटलं. आयुष्यभर सगळं तिनंच सांगितलेलं पटत आलं होतं, त्यात हे एक.

नांदेडला मात्र उज्वलाताईंच्या कपाळाला आठी पडली. कागदावर ओझं वाढतंय, पोरगी व्यायाम चुकवत नाही, आणि पाय होते तिथंच. स्टुलावरून उठताना अजून हात लागतो. त्यांनी परत परत तपासलं आणि दिवाळीआधीच्या खेपेला भारतला स्पष्ट सांगितलं की पुढच्या वेळेपर्यंत फरक दिसला नाही तर हे जाकीट थांबवू, नाहक पोरीला दमवण्यात अर्थ नाही. ऋतुजा तिथंच बसली होती. परतीच्या बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली. रुक्मिणबाई मात्र मनातून खूश. सुटलं एकदाचं लेकरू, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऋतुजानं सांगून टाकलं की यापुढं जाकीट मी माझं मी घालणार, कुणी जवळ यायचं नाही, मी आता मोठी झाले. रुक्मिणबाईनं विचार केला, घालू दे की. कापूसच तर आहे.

आणि त्यानंतर घरातल्या वस्तू गायब व्हायला लागल्या.

आधी जुन्या दाराचं पितळी कुलूप गेलं. मग खलबत्त्यातला बत्ता गेला आणि नुसता खल तोंड वासून बसला. मग लोणच्याच्या बरणीत दाबायला ठेवायचा गोटा गेला. आणि शेवटी गेला ग्यानोबाचा अडकित्ता. तो गेल्यावर घरावर अवकळाच आली. ग्यानोबाला करायला काही कामच उरलं नाही. तो दिवसभर ओट्यावर बसून तळहाताकडं बघायचा आणि सुस्कारे टाकायचा.

रुक्मिणबाईनं शोध लावला. घरात बाहेरचं येतं-जातं कोण? दानम्मा. दानम्मा ही शेजारीण, माहेर भालकीकडचं, मराठी बोलता बोलता कानडीत शिरणारी, रुक्मिणबाईला 'अक्का' म्हणणारी. इतक्या वर्षांचा घरोबा, वाटीनं साखर आणि ताटानं भाजी इकडून तिकडं. पण अडकित्त्यापुढं कसला घरोबा? रुक्मिणबाई वाटीभर शेंगाची चटणी घेऊन तिच्याकडं गेली आणि चटणी देता देता डोळ्यांनी कोनाडे धुंडाळायला लागली. एका कोनाड्यात अडकित्ता दिसला. हिनं उचलला आणि म्हणाली, हा आमचा. दानम्मा म्हणाली, हा माझ्या आईचा, भालकीहून आलेला. शब्दाला शब्द लागला, मराठीत सुरू झालेलं भांडण कानडीत संपलं, आणि शेंगाची चटणी परत घरी आली. त्या दिवसापासून दोन्ही घरांमधली बोलचाल बंद. रुक्मिणबाईला जेवण गोड लागेना, पण नमतं घेईल तर ती रुक्मिणबाई कसली.

त्याच दिवसांत ऋतुजाच्या पायात काहीतरी बदलायला लागलं. एके सकाळी ती ओट्याची पायरी भिंतीला न धरता चढली. मग स्टुलावरून हात न लावता उठली. एका हातात काठी घेऊन दारापासून गिरणीपर्यंत गेली आणि दम खाऊन परतही आली. गुडघे अजून घासत होते, टाच अजून वर राहत होती, पण पोरगी पडत नव्हती. राजकन्या भाकरी थापता थापता रडायला लागली. रुक्मिणबाई तर गावभर मिरवली. तिची पक्की खात्री झाली होती की गुण आला तो कापसाला. हलकं ओझं दिलं म्हणून लेकराला जमलं, त्या वाळूत काय ठेवलं होतं? येळवस पार पडली की त्या नांदेडच्या ताईला नीट समजावून सांगायचं, म्हणजे बाकीच्या लेकरांचेही हाल वाचतील, असं तिनं मनाशी ठरवलंसुद्धा.

येळवसीच्या थोडंच आधी सगळं घर नांदेडला गेलं. ऋतुजा चालून दाखवत होती आणि उज्वलाताई बघतच राहिल्या. त्या इतक्या खूश झाल्या की म्हणाल्या, आणा ते जाकीट, अजून थोडं वाढवू. ऋतुजा म्हणाली, नको. रुक्मिणबाईही त्याच वेळी म्हणाली, नको. दोघींनी एकमेकींकडं बघितलं. तोवर ताईंनी राजकन्येच्या पिशवीतून जाकीट ओढलं, हातात तोललं, त्यांची भुवई वर गेली, आणि त्यांनी खिसे टेबलावर उलटे केले.

आधी कापूस आला. पुरचुंड्या फाटून भुरूभुरू कापूस, अख्ख्या टेबलावर. मग त्या कापसातून खणकन कुलूप पडलं. मग बत्ता. मग लोणच्याचा गोटा, हळदीनं पिवळा झालेला. आणि सगळ्यांत शेवटी चिंधीत गच्च गुंडाळलेला अडकित्ता.

खोलीत कुणी हललं नाही. हलला तो ग्यानोबा. बायकोचा हात न धरता तो बाकड्यावरून उठला, तडक टेबलाशी गेला, अडकित्ता उचलून छातीशी धरला आणि परत येऊन बसला.

"कापूस कुणाचा?" उज्वलाताईंनी विचारलं.

"माझा," रुक्मिणबाई म्हणाली. आवाज इतका बारीक की भारतनं वळून बघितलं, आपलीच आई बोलली का म्हणून.

"आणि हे लोखंड?"

"माझं," ऋतुजा म्हणाली.

मग तिनं सगळं सांगितलं. जाकीट हलकं झाल्याचं तिला पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. आज्जीला बोलणी बसतील म्हणून ती गप्प राहिली. पण ताई जाकीट बंद करू म्हणाल्या तेव्हा तिला धडकी भरली आणि मग घरात जे जड सापडेल ते तिनं खिशात घातलं. जमायला लागलं की अजून एक. ताईंनी सांगितलं होतं तसंच.

रुक्मिणबाईला राहवलं नाही. "आगं बाई, मला तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर तू बत्त्यालाबी कापूस गुंडाळला असतास," ऋतुजा म्हणाली. मग तिनं टेबलावरचा कापूस बाजूला लोटला. "मला चालायचं हाय, आज्जी. तू मला चालूच देईना झालीस."

उज्वलाताई आधी ऋतुजाला रागे भरल्या. कुलूप बरगडीत लागलं असतं म्हणजे? ओझं वाढवायचं तर विचारून, मापात, आणि खिशात फक्त वाळू. मग त्या रुक्मिणबाईकडं वळल्या, पण बाई कधीच रडायला लागली होती. भुकेल्या लेकराच्या ताटातली भाकरी आपणच रोज काढून घेत होतो आणि वर त्याला माया म्हणत होतो, असं तिला वाटत होतं. बसमध्येही ती रडत होती. शेजारी ग्यानोबा सुपारी कातरत बसला होता. एक खांड तोंडात टाकून तो म्हणाला, म्हणजे माझी पाठ खरंच दुखत होती तर.

गावात उतरल्यावर ती घरी न जाता आधी दानम्माच्या दारात गेली. दानम्मानं तोंड फिरवूनच विचारलं, "अक्का, अडकित्ता सापडला का?"

"सापडला."

"कुठं?"

"नांदेडला."

दानम्मानं यावर पुष्कळ विचार केला. घरातला अडकित्ता नांदेडला कसा गेला हे तिला समजेना, पण अक्काचे सुजलेले डोळे बघून तिनं जास्त विचारलं नाही, चहा टाकला. चहा पिता पिता रुक्मिणबाईनं सगळी कथा सांगितली आणि तिला येळवसीला रानात यायचं आवतण दिलं.

येळवसीच्या सकाळी घरात लगबग होती. भज्जी शिजली, बाजरीच्या पिठाचे उंडे झाले, खीर झाली, आंबिलीचं बिंदगं भरलं. ते मातीचं बिंदगं गाडीवाटेपासून डोक्यावरून न्यायचं आणि त्यांच्या घराची रीत अशी की एकदा डोक्यावर घेतलं की कोपीपाशीच उतरवायचं, वाटेत जमिनीला टेकवायचं नाही. दरवर्षी ते राजकन्या घ्यायची, कारण सासूच्या कडेवर ऋतुजा असायची. या वर्षी रुक्मिणबाईनं चुंबळ उचलली आणि म्हणाली, बिंदगं मी घेणार. राजकन्या म्हणाली, आत्याबाई, मी घेते की, तुमची मान दुखंल.

"मला घेऊ दे," रुक्मिणबाई म्हणाली. "हात मोकळे राहिले तर माझ्याच्यानं राहवणार न्हाई."

गाडीवाटेपर्यंत सगळे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आले. तिथून ऋतुजा उतरली. काठी टेकून चालायला लागली. मागं आज्जी, दोन्ही हात वर, बिंदगं धरलेलं. तिच्यामागं दानम्मा टोपली घेऊन. भारत आणि राजकन्या ग्यानोबाला घेऊन कोप सजवायला पुढं गेले होते. धुऱ्यावर, बांधाच्या गवतावर, दव होतं, दोन्ही बाजूंना हरभरा आणि ज्वारी. शेजारच्या रानात त्याच पोरी उभ्या होत्या. बघत होत्या. या वेळी कुणी टाळ्या पिटल्या नाहीत. ऋतुजा आपली पाऊल टाकत होती, थांबत होती, परत टाकत होती. अर्ध्याहून जास्त वाट झाली, कोपीवरची कडब्याची शेंडी दिसायला लागली, आणि एका ढेकळावर तिचा पाय कलंडला. काठी एकीकडं, पोरगी एकीकडं.

रुक्मिणबाईच्या डोक्यावरचं बिंदगं हिंदकळलं, आंबील तिच्या कपाळावरून खाली आली. मागून दानम्मानं टोपली टाकली आणि वाकून धावली.

"हात लावू नको तिला," रुक्मिणबाई म्हणाली.

दानम्मा जागीच थांबली. अक्काच्या तोंडून असं वाक्य तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

ऋतुजा आधी तशीच पडून राहिली. मग पालथी झाली. हातांवर जोर दिला, गुडघे पोटाखाली घेतले. एक पाय पुढं ओढला, तो घसरला, परत ओढला. काठी लांब पडली होती, तिथपर्यंत रांगत गेली. काठी रोवली, दात-ओठ आवळले, मांड्या थरथरायला लागल्या. रुक्मिणबाई वर दोन्ही हात करून उभी होती आणि तिचेही दात-ओठ आवळलेले होते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. पोरीचं बूड जमिनीवरून उचललं, परत बसलं, परत उचललं. आणि ती उभी राहिली.

परकराला चिखल, हाताला चिखल. तिनं मागं वळून बघितलंसुद्धा नाही, कोपीच्या दिशेनं चालायला लागली.

रुक्मिणबाईनं पाऊल उचलायचा प्रयत्न केला, पण तिच्या पायातला जोरच गेला होता.

"ऋतुजा," तिनं हाक मारली, "जरा थांब गं. मला येऊ दे."